किरकोळ नियमभंगाचे दंड वाढवताना आर्थिक अडचणीची सवलत कुठे आणि कशी ठेवावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातील एका लहान शहराची सिटी कौन्सिल (निवडून आलेली नगरपरिषद) आपल्या नियमसंहितेतील दंडाचे जुने दर बदलून ते राज्याच्या कायद्याने घालून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत नेणार आहे. मसुद्यात दरांच्या तक्त्यांनी तीन पाने भरली आहेत, पण ज्यांना हा दंड परवडणार नाही त्यांच्यासाठीच्या सवलतीला अवघ्या चार ओळी मिळाल्या आहेत. प्रश्नकर्ते नागरिकांच्या सल्लागार समितीवर आहेत आणि समितीने या मसुद्यात नेमके काय बदलून मागावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे कोड एन्फोर्समेंटचे, म्हणजे शहराचे नियम पाळले जातात का हे पाहण्याचे, काम केले आणि पुढे अशाच दंडांविरुद्धच्या अर्जांच्या सुनावण्या घेतल्या. त्या अनुभवावरून सांगतो की समितीने आपला बहुतेक वेळ त्या चार ओळींवर खर्च करावा. दरांच्या तक्त्यात तुमच्या हाती फारसे काही नाही, कारण कमाल मर्यादा राज्यानेच ठरवून दिली आहे. सवलतीचा तपशील मात्र राज्याने जवळजवळ पूर्णपणे शहरांवर सोपवला आहे, आणि एखादे घर दुरुस्त होते की एखादे कुटुंब कर्जात बुडते, हे त्या तपशिलावरच ठरते.

आधी मर्यादांविषयी. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नमेंट कोडचे (शासनविषयक कायदेसंहितेचे) कलम ३६९०० शहरांना लागू होते आणि काउंटींसाठी (जिल्ह्यासारख्या विभागांसाठी) त्याच धर्तीचे कलम २५१३२ आहे. किरकोळ स्वरूपाच्या, म्हणजे ‘इन्फ्रॅक्शन’ ठरणाऱ्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी पहिल्या वेळी जास्तीत जास्त १०० डॉलर, त्याच नियमाचा एका वर्षात दुसऱ्यांदा भंग झाल्यास २०० डॉलर आणि त्यानंतरच्या प्रत्येक भंगासाठी ५०० डॉलर, अशी ही मर्यादा आहे. इमारत आणि सुरक्षाविषयक नियमांसाठीचे आकडे वेगळे आहेत. २०१८ साली संमत झालेल्या असेंब्ली बिल २५९८ (राज्य विधिमंडळाच्या असेंब्ली या सभागृहात मांडलेला कायदा) ने ते वाढवले आणि १ जानेवारी २०१९ पासून ते १३०, ७०० आणि १,३०० डॉलर झाले. व्यापारी मालमत्तेच्या मालकाने उघड्यावर दिसणारा कचरा हटवला नाही किंवा जागेचा अनधिकृत वापर थांबवला नाही, तर दोन वर्षांच्या आत पुन्हा घडणाऱ्या भंगासाठी २,५०० डॉलरपर्यंत जाण्याची मुभा त्याच कायद्याने दिली. अल्पकालीन भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांमुळे आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका निर्माण होत असेल, तर २०२१ च्या सेनेट बिल ६० प्रमाणे हे आकडे १,५००, ३,००० आणि ५,००० डॉलर आहेत. यातील कोणताही आकडा महागाईप्रमाणे आपोआप वाढत नाही. जुने दर वास्तवापासून दूर गेले आहेत, हे तुमच्या कौन्सिलचे म्हणणे त्यामुळे चुकीचे नाही, आणि समितीने त्याला सरसकट विरोध करू नये असे मला वाटते. कोट्यवधींची मालमत्ता बाळगणाऱ्या कंपनीला शंभर डॉलरचा दंड हा किरकोळ व्यवसायखर्च वाटतो. तुमच्या शहराला स्वतःची सनद असेल, म्हणजे ते ‘चार्टर सिटी’ असेल, तर या मर्यादा कितपत बंधनकारक आहेत हे सिटी अटर्नींना, म्हणजे शहराच्या कायदा सल्लागारांना, लेखी विचारावे.

पण तक्त्यातील आकडा आणि घरी येणाऱ्या बिलाचा आकडा यांत मोठे अंतर असते, आणि मसुदा वाचताना बहुतेकांची नजर इथेच चुकते. बऱ्याच शहरांच्या नियमसंहितेत ‘उल्लंघन चालू असलेला प्रत्येक दिवस हे स्वतंत्र उल्लंघन समजले जाईल’ असे एक वाक्य असते. ते वाक्य जसेच्या तसे लावून दहा दिवसांचा हिशेब करून पाहा. सर्वसाधारण नियमासाठी १००, मग २०० आणि पुढे आठ दिवस ५०० प्रमाणे धरल्यास एकूण ४,३०० डॉलर होतात. इमारतविषयक नियमासाठी १३०, ७०० आणि पुढे आठ दिवस १,३०० प्रमाणे धरल्यास ११,२३० डॉलर होतात. परवाना न घेता बदललेला वॉटर हीटर किंवा मोडकळीस आलेले कुंपण दहा दिवसांत दुरुस्त करणे, रोख पैसा हाताशी असलेल्या माणसालाही सहसा जमत नाही, कारण कंत्राटदार मिळायला आणि परवाना निघायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. याच कारणासाठी गव्हर्नमेंट कोडचे कलम ५३०६९.४ सांगते की बांधकाम, नळकाम, वीज किंवा जमीन वापराच्या नियमांचे चालू राहणारे उल्लंघन आरोग्याला वा सुरक्षिततेला तातडीचा धोका निर्माण करत नसेल, तर प्रशासकीय दंड लावण्यापूर्वी दुरुस्तीसाठी वाजवी मुदत दिलीच पाहिजे. ही मुदत किती दिवसांची, ती वाढवून देण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या कारणांवरून, हे मसुद्यात स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. मुदतवाढ हीच पहिली आणि सर्वांत स्वस्त सवलत असते.

आता सवलतीचे मूळ कायदेशीर वाक्य पाहू. इमारत व सुरक्षाविषयक नियमांच्या दुसऱ्या आणि त्यापुढच्या उल्लंघनासाठी वाढीव दंड लावणाऱ्या शहराने आर्थिक अडचणीच्या कारणावरून दंड कमी करण्याची प्रक्रिया तयार केलीच पाहिजे, असे असेंब्ली बिल २५९८ सांगते. ही सोय देणे शहराच्या मर्जीवर नाही. ती मिळण्यासाठी संबंधित व्यक्तीने दोन गोष्टी दाखवायच्या असतात. पहिल्या उल्लंघनानंतर तिने नियम पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, ही एक. आणि पूर्ण दंड भरणे तिच्यावर अवाजवी आर्थिक भार टाकेल, ही दुसरी. ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हणजे काय आणि ‘अवाजवी भार’ किती उत्पन्नाला म्हणायचे, हे कायदा सांगत नाही. बहुतेक शहरांनी हेच शब्द जसेच्या तसे आपल्या ऑर्डिनन्समध्ये (शहराच्या स्थानिक कायद्यात) उतरवून घेतले आणि काम संपले असे मानले. तुमच्या मसुद्यातील चार ओळीही बहुधा त्याच असाव्यात.

प्रामाणिक प्रयत्नाची व्याख्या करताना एक चूक मी वारंवार पाहिली आहे, ती म्हणजे प्रयत्न आणि पूर्तता यांना एकच मानणे. काम पूर्ण झाल्याशिवाय सवलतीचा अर्जच घ्यायचा नाही, असा नियम केला की ज्याच्याकडे काम पूर्ण करायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच दार बंद होते. एका सुनावणीत माझ्यासमोर एक वृद्ध बाई आल्या होत्या. घरामागील पडवीचे बांधकाम त्यांच्या दिवंगत पतीने अनेक वर्षांपूर्वी परवाना न घेता केले होते. नोटीस आल्यावर त्यांनी तीन कंत्राटदारांकडून लेखी अंदाज आणले, परवाना कार्यालयात दोनदा जाऊन आल्या आणि पडवीतील वीजजोडणी स्वखर्चाने तोडून घेतली, म्हणजे धोक्याचा भाग त्यांनी आधीच दूर केला. पाडकामासाठी मात्र त्यांच्याकडे पैसे नव्हते. विभागाच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे ‘पूर्तता नाही’ एवढेच लिहिले होते आणि दुसरा, तिसरा दंड ठरलेल्या तारखांना निघत गेला. त्या कागदांवर शहराची बाजू नियमाप्रमाणे बिनचूक होती. तरी त्या दंडातील प्रत्येक डॉलर पडवी पाडण्याच्या कामातून वजा होत होता, आणि ते काम व्हावे म्हणूनच तर शहराने नोटीस दिली होती.

म्हणून व्याख्येत उदाहरणे लिहावीत: परवान्यासाठी अर्ज, कंत्राटदाराचा लेखी अंदाज, कामाचा काही भाग पूर्ण केल्याची छायाचित्रे, धोका तात्पुरता दूर केल्याचा पुरावा, अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, दुरुस्ती कर्जासाठी केलेला अर्ज. यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी मानता येईल, असे स्पष्ट लिहावे. आजारपण, अपंगत्व किंवा इंग्रजी वाचता न येणे यामुळे प्रयत्नाला उशीर झाला असेल, तर तोही विचारात घेण्याचा अधिकार निर्णय देणाऱ्याला द्यावा.

आर्थिक भार मोजण्यासाठी नवी पद्धत शोधून काढण्याची गरज नाही. राज्याची न्यायालये शुल्कमाफी देताना जी कसोटी लावतात, ती तयारच आहे. अर्जदाराला मेडि-कॅल (आरोग्यविमा), कॅलफ्रेश (अन्नसाहाय्य), एसएसआय (वृद्ध व अपंगांसाठीचे साहाय्य) यांसारखी सरकारी मदत मिळत असेल, किंवा त्याचे उत्पन्न संघीय दारिद्र्य मार्गदर्शक आकड्यांच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल, तर शुल्क माफ होते. ही मर्यादा पूर्वी १२५ टक्के होती आणि २०२२ मध्ये ती वाढवण्यात आली. मात्र दारिद्र्याचे संघीय आकडे अलास्का आणि हवाई वगळता सगळ्या देशाला एकच असतात, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या शहरात घरभाडे भरून त्या आकड्याच्या अडीचपट कमावणारे कुटुंबही महिनाअखेर रिकाम्या हाती असू शकते. म्हणून दुसरा पर्यायी निकष ठेवावा, आणि तो संघीय गृहनिर्माण विभागाच्या स्थानिक मध्यम उत्पन्नावर आधारित असावा. हा विभाग स्थानिक मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या कुटुंबांना कमी उत्पन्नाची आणि ५० टक्क्यांपर्यंतच्या कुटुंबांना अतिकमी उत्पन्नाची म्हणतो. तुमच्या शहराचा गृहनिर्माण विभाग हेच वर्गीकरण रोज वापरत असतो, त्यामुळे कर्मचाऱ्यांना ते नव्याने शिकवावे लागणार नाही.

ज्याच्याकडे सरकारी मदतीचे पत्र किंवा कार्ड आहे, त्याच्याकडून पुन्हा आयकर विवरणपत्र, बँकेची तीन महिन्यांची विवरणे आणि नोटरीसमोर केलेले शपथपत्र मागू नये. उत्पन्नाची छाननी एका सरकारी यंत्रणेने केलेली असताना दुसऱ्या यंत्रणेने ती पुन्हा करण्याने फसवणूक थांबत नाही, अर्जच थांबतात. आणखी एक खाचखळगा वृद्ध घरमालकांचा असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत आज फार मोठी दिसते, पण निवृत्तिवेतन जेमतेम असते. राहत्या घराची किंमत मालमत्तेत धरली, तर हे सगळे लोक सवलतीतून बाहेर पडतात. राहते घर हिशेबातून वगळावे, हे वाक्य मसुद्यात नसेल तर ते आग्रहाने घालून घ्यावे.

इथे एक महत्त्वाचा फरक सांगायला हवा, कारण मसुद्यात बऱ्याचदा दोन गोष्टींची सरमिसळ होते. अनेक शहरांत दंडाविरुद्ध सुनावणी मागायची तर दंडाची पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते, आणि ती जमा करणे शक्य नसलेल्यांसाठी अनामत माफीचा वेगळा अर्ज असतो. ती माफी फक्त सुनावणीच्या दारापर्यंत पोहोचवते. सुनावणीत हार झाली की पूर्ण रक्कम देणे लागतेच. असेंब्ली बिल २५९८ मधील सवलत दंडाची रक्कम कमी करण्यासाठी आहे. अनामत माफीचे जुने कलम दाखवून ‘आमच्याकडे आर्थिक अडचणीची सोय आधीपासूनच आहे’ असे कोणी सांगितले, तर दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचावीत. शक्य असेल तर राहत्या घराच्या किरकोळ प्रकरणांत अनामतच काढून टाकावी. अनामत माफीचा अर्ज फेटाळला गेला की नागरिकाला सुनावणीच मिळत नाही, आणि सुनावणी न झालेल्या प्रकरणात शहराची चूक असली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही. अंतिम प्रशासकीय आदेश बजावल्यापासून २० दिवसांत सुपीरियर कोर्टात (राज्याच्या प्राथमिक न्यायालयात) दाद मागता येते, तिथे प्रकरण नव्याने ऐकले जाते आणि त्यासाठी २५ डॉलर शुल्क असते. बाजू मान्य झाली तर हे शुल्क शहराने परत करायचे असते. ही माहिती आदेशाच्या कागदावरच ठळकपणे छापलेली असावी.

सवलत केव्हा मागता यावी, या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. बहुतेक ऑर्डिनन्समध्ये ती दंड निघाल्यानंतर ठरावीक दिवसांत मागायची असते. पण अडचणीत असलेले कुटुंब दंडाच्या कागदापर्यंत पोहोचते, तोवर दुरुस्तीची मुदत उलटलेली असते, दुसऱ्या पातळीचा दंड समोर असतो आणि अधिकाऱ्याशी असलेला संवाद तुटलेला असतो. सवलतीचा अर्ज पहिल्या नोटिशीसोबतच द्यावा. जो तो त्या टप्प्यावर भरून देईल, त्याचा दंडाचा हिशेब तिथेच थांबावा, त्याच्यासोबत बसून टप्प्याटप्प्याचे दुरुस्ती वेळापत्रक लिहून काढावे आणि वेळापत्रक पाळले जात असेपर्यंत पुढचा दंड काढू नये. कायदा दुसऱ्या उल्लंघनापासून सवलत सक्तीची करतो, परंतु त्याहून आधी आणि त्याहून उदार सवलत देण्यास तो शहराला मनाई करत नाही. तसेच ही सोय केवळ इमारतविषयक दंडांपुरती न ठेवता वाढलेले गवत, अंगणातील जुने सामान, कुंपणाची उंची अशा सर्व किरकोळ प्रकरणांना लावावी.

यावर कौन्सिलमध्ये हमखास विचारले जाईल की, मग दंडाचा धाक उरेल का? हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला तितकेच गंभीर उत्तर दिले पाहिजे. शेजाऱ्याच्या मोडक्या भिंतीमुळे ज्याच्या अंगणात मुलांना खेळता येत नाही, त्या माणसाची तक्रारही खरी असते, आणि ती भिंत गरिबाची आहे म्हणून ती पडण्याचा धोका कमी होत नाही. म्हणून सवलत रकमेत असावी, दुरुस्तीत नसावी. आग, विजेचा धक्का, सांडपाणी, कोसळण्याजोगे बांधकाम यांत मुदतही नसावी. शहराने आवश्यक तर स्वतः धोका दूर करावा आणि खर्चाच्या वसुलीचा विचार मग करावा. ज्या मालकाकडे भाड्याने दिलेली अनेक घरे आहेत किंवा मालमत्ता कंपनीच्या नावावर आहे, त्याला ही सवलत सहसा लागू नसावी. भाडेकरूची बाजूही इथेच पाहून घ्यावी. छताची गळती किंवा वायरिंग यांसारख्या मालकाच्या हातातील गोष्टींसाठी भाडेकरूच्या नावाने दंड निघू नये आणि मालकाला लागलेला दंड भाडेकरूकडून वसूल होऊ नये.

पुढचा मुद्दा रकमेच्या घटकांचा आहे, आणि तो थोडा तांत्रिक असला तरी सोडून चालणार नाही. घरी येणाऱ्या बिलात दंड, फेरतपासणीचे शुल्क, उशिराबद्दलचा आकार, वसुली संस्थेचा खर्च आणि शहराने स्वतः काम करून घेतले असेल तर त्याचा खर्च, अशा वेगवेगळ्या रकमा असतात. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत २०१० च्या प्रपोझिशन २६ ने (मतदारांनी थेट मंजूर केलेल्या प्रस्तावाने) केलेल्या दुरुस्तीप्रमाणे फेरतपासणीसारखे शुल्क प्रत्यक्ष वाजवी खर्चापेक्षा जास्त असू शकत नाही; दंडाला ती मर्यादा नाही. त्यामुळे काही वेळा सवलत फक्त ‘दंड’ या शब्दापुरती लिहिली जाते आणि ७०० डॉलरचा दंड २०० वर आल्यानंतरही नागरिकाच्या हातात ९०० डॉलरचे बिल राहते. मसुद्यात सवलतीची व्याप्ती लिहिताना उशिराचे आकार आणि फेरतपासणीचे शुल्क नावे घेऊन समाविष्ट करावेत. अर्ज प्रलंबित असताना उशिराचा आकार लागू नये आणि प्रकरण वसुली संस्थेकडे किंवा राज्याच्या आयकर परताव्यातून रक्कम वळती करून घेण्याच्या यंत्रणेकडे पाठवू नये. तिकडे गेलेले प्रकरण मागे घेणे फार कठीण असते.

उशिराच्या आकारांबाबत न्यायालयांनीही शहरांना सावध केले आहे. लॉस एंजेलिसमध्ये पार्किंगच्या ६३ डॉलरच्या दंडावर वेळेत न भरल्यामुळे आणखी ६३ डॉलर लावले जात होते. पिमेंटेल खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय न्यायालयाने) २०२० मध्ये मूळ दंड योग्य ठरवला, परंतु तेवढीच रक्कम उशिरासाठी का, याचे समर्थन शहराने पुराव्यानिशी दिलेले नाही म्हणून तो भाग खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. अवाजवी दंडाला मनाई करणारे अमेरिकेच्या संविधानाच्या आठव्या दुरुस्तीतील कलम राज्यांना आणि पर्यायाने शहरांनाही लागू होते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिम्ब्स विरुद्ध इंडियाना या खटल्यात स्पष्ट केले होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दंडाचे प्रमाण तपासताना चार गोष्टी पाहायला सांगितल्या: दोष किती, हानी आणि दंड यांचे नाते काय, तशाच इतर कायद्यांत दंड किती आणि दंड भरण्याची ऐपत किती. या कसोट्यांनी प्रत्येक मोठा दंड रद्द होतो असे मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भाड्याच्या घरांची दुरवस्था केलेल्या मालकांवरील ६ लाखांहून अधिक डॉलरचा दंड २००० साली अपील न्यायालयाने कायम ठेवला, आणि त्यांच्याकडे किती मालमत्ता होती याचा विचार त्या निकालात झाला होता. म्हणजे ऐपत पाहिल्याने गरिबाचा दंड कमी होतो, तसाच श्रीमंताचा मोठा दंड टिकूनही राहतो. समितीने हा मुद्दा कौन्सिलपुढे जरूर ठेवावा. सवलतीची लेखी, रीतसर प्रक्रिया असलेल्या शहराचे वाढीव दर न्यायालयात अधिक भक्कम ठरतात.

निर्णय कोणी द्यावा? ज्या अधिकाऱ्याने दंड काढला त्याने नक्कीच नाही, आणि माझ्या मते त्याच्या थेट वरिष्ठानेही नाही. वित्त विभागातील नेमलेली व्यक्ती किंवा स्वतंत्र सुनावणी अधिकारी हे काम करू शकतो. सुनावणी अधिकाऱ्याची पुढची कामे त्याला नेमणाऱ्या संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असतील, तर निःपक्षपातीपणाला बाधा येते, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हास विरुद्ध सॅन बर्नार्डिनो काउंटी या प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा नेमणूक ठरावीक मुदतीची आणि पाळीने यावी. निर्णय लेखी असावा, नकाराची कारणे त्यात असावीत आणि ठरलेल्या दिवसांत निर्णय न झाल्यास अर्ज मंजूर समजावा. हे शेवटचे वाक्य अनेक विभागप्रमुखांना आवडत नाही, पण त्याखेरीज अर्ज फायलींत पडून राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

सवलत किती द्यावी, हे पूर्णपणे मर्जीवर सोडू नये आणि पूर्णपणे तक्त्यात बांधूही नये. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबाला दुरुस्ती पूर्ण होताच दंड संपूर्ण माफ, स्थानिक मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत असलेल्यांना मोठी कपात आणि उरलेली रक्कम बिनव्याजी हप्त्यांनी, अशी किमान चौकट ऑर्डिनन्समध्येच ठेवावी, आणि त्यापेक्षा अधिक देण्याचा अधिकार निर्णय देणाऱ्याकडे असावा. दुरुस्तीवर प्रत्यक्ष खर्च केलेली रक्कम पावत्या दाखवल्यावर दंडातून वजा करण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिच्यामुळे कुटुंबाचा मर्यादित पैसा आधी घरात जातो. दंडाच्या बदल्यात सामाजिक सेवेचे तास देण्याचा पर्याय ठेवता येईल, पण दोन नोकऱ्या करणाऱ्या किंवा आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ती सवलत ठरत नाही, म्हणून तो एकमेव पर्याय नसावा. तुमच्या शहराला किंवा काउंटीला संघीय कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट (स्थानिक विकासासाठीचे अनुदान) मिळत असेल, तर तिच्यातून कमी उत्पन्नाच्या घरमालकांना दुरुस्तीसाठी कर्ज किंवा अनुदान देता येते. दंडाची नोटीस आणि या मदतीचा अर्ज बऱ्याच ठिकाणी एकाच इमारतीतील दोन मजल्यांवरून निघतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत.

उत्पन्नाविषयी थोडे. दंडातून येणारी रक्कम अंदाजपत्रकात मोठ्या अपेक्षेने लिहिली गेली, की अंमलबजावणीचा हेतू बदलतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये मिसुरीतील फर्ग्युसन शहराविषयी दिलेल्या अहवालात हे सविस्तर मांडले आहे. तिथे २०१५ च्या आर्थिक वर्षात १३.२६ दशलक्ष डॉलरच्या अपेक्षित महसुलापैकी ३.०९ दशलक्ष डॉलर दंड आणि शुल्कातून येतील असे धरले होते. दरवाढीसोबतच्या वित्तीय टिपणात अपेक्षित वाढीव उत्पन्नाचा आकडा दिला असेल, तर तो काढून टाकण्याची किंवा ती रक्कम घरदुरुस्तीच्या निधीकडे वळवण्याची मागणी समितीने करावी. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या ट्रेझरर (कोषाधिकारी) कार्यालयात फायनान्शियल जस्टिस प्रोजेक्ट सुरू केला. दंड आणि शुल्कांचा गरीब रहिवाशांवर काय परिणाम होतो, हे तपासणे हेच त्याचे काम आहे. लहान शहराला स्वतंत्र कार्यालय परवडणार नाही, पण दरवर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती दिवस लागले आणि किती दुरुस्त्या प्रत्यक्ष पूर्ण झाल्या, याचा एक पानी अहवाल कौन्सिलपुढे ठेवणे कोणालाही जमेल.

कार्यपद्धतीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दंडाचे आकडे ठरावाने बदलता येतील असे ठेवायला हरकत नाही, पण सवलतीचा हक्क, पात्रता आणि मुदती ऑर्डिनन्समध्येच असाव्यात, कारण ठराव एका बैठकीत बदलतो. ऑर्डिनन्सला मात्र आधी मांडणी, मग किमान पाच दिवसांनंतरच्या नियमित बैठकीत मंजुरी आणि साधारणपणे त्यानंतर तीस दिवसांनी अंमल, असा क्रम असतो. मांडणी आणि मंजुरी यांमधले ते दिवस समितीने वापरावेत. नवे दर अंमलाच्या तारखेनंतर घडलेल्या उल्लंघनांनाच लागू व्हावेत. सवलत मात्र त्या तारखेला थकीत असलेल्या जुन्या दंडांनाही मिळावी, असे संक्रमणाचे कलम मागावे.

आणि नोटिशीचा नमुना मसुद्यासोबत जोडायला सांगावा. मी वाचलेल्या बहुतेक नोटिशींच्या पहिल्या पानावर कलमांचे क्रमांक आणि मोठ्या अक्षरांत दंडाची रक्कम असते, आणि सवलतीचा उल्लेख असलाच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. पहिल्या पानावर साध्या भाषेत चारच गोष्टी असाव्यात: काय दुरुस्त करायचे आहे, किती तारखेपर्यंत, वेळ किंवा पैसा कमी पडत असेल तर कोणाशी बोलायचे, आणि त्या व्यक्तीचा थेट दूरध्वनी क्रमांक. हा मजकूर तुमच्या शहरात घराघरांत बोलल्या जाणाऱ्या भाषांतही छापून घ्यावा. कौन्सिलच्या बैठकीत बोलण्यासाठी समितीला तीनच मिनिटे मिळणार असतील, तर सध्याची नोटीस आणि तुम्ही सुचवलेली नोटीस, असे दोन कागद सभासदांच्या हाती द्यावेत आणि ती मिनिटे त्यांना ते वाचण्यासाठी द्यावीत.